हारलेल्यानं चहा करायचा

आमचा घरमालक मेला तर मी सुटलो, असं मी आठवड्यातून एकदा तरी म्हणत असे. मेलं दुसरंच माणूस. घरमालक रायपूरला लेकीकडे धडधाकट आहे, आणि तिथे कोणाचं ना कोणाचं डोकं खात असेल याची मला खात्री आहे. लेकीचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. तिथे त्याला मुरमाचा ढिगारा घालता येत नाही, एवढंच तिचं नशीब.

त्याला आमचं सारं मुर्री गाव मास्तर म्हणायचं. गोंदियाच्या एका शाळेत तो खेळाचा मास्तर होता. खेळाचा मास्तर म्हटला की कबड्डी शिकवतो, खो-खो शिकवतो, फार झालं तर क्रिकेट. हा पोरींना बेसबॉल शिकवायचा. आसपास तो खेळ कोणाला माहीत नव्हता, त्यामुळे समोर खेळायला टीम मिळत नसे, त्यामुळे याची टीम कधी हरली नाही. हे तो छाती काढून सांगायचा.

आपल्याकडे पहाट होते तेव्हा अमेरिकेत आदल्या दिवसाची संध्याकाळ असते, आणि त्या संध्याकाळी तिकडे बेसबॉल खेळतात. ही माहिती नसती तर माझं म्हातारपण सुखात गेलं असतं. जन्मभर मी राईस मिलच्या बॉयलरवर राबलो. म्हटलं, आता तरी उजाडेपर्यंत झोपू. पण आमच्या भाड्याच्या खोलीचं दार मास्तराच्या ओट्यावर उघडायचं, आणि ओट्यावर अंधार असतानाच मास्तर उकिडवा बसलेला असायचा. समोर विटेला टेकवलेला फोन, बाजूला तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पन्नी. अमेरिकेतले खेळाडू खेळताना काहीतरी चघळतात म्हणे. मास्तर तिकडचं बाकी काही करू शकत नव्हता, म्हणून तेवढं करायचा.

दार उघडलं की रामराम नाही, काही नाही. थेट प्रश्न.

"आज कोन विरुद्ध कोन, माहीत आहे का गा?"

"मले काय करायचं आहे जी?"

"काय करायचं म्हनजे? अरे, तुमच्या क्रिकेटात अकरा विरुद्ध अकरा. इथं दोनच मानसं. याचा पिचर आन त्याचा पिचर. बाकीचे सारे वऱ्हाडी."

पिचर म्हणजे चेंडू टाकणारा. मैदानाच्या मधोमध मातीचा उंचवटा असतो, त्यावर चढून तो टाकतो. मॅच कोणाची आहे हे मास्तर कधी विचारत नसे. सुरुवातीला कोणते दोघे टाकणार, एवढंच. त्या दोघांची खोड, दोघांचा हात, दोघांचा राग, कोण कोणाला भारी, हे तो मला मी तोंड धुवायच्या आधी ऐकवायचा.

"आन मजा आयक. हे दोघं एकमेकाच्या समोर येतच नाही. हा त्याच्या लोकायले टाकते, तो याच्या लोकायले टाकते. ढिगारा एकच. एकानं पायानं खड्डा केला की त्याच खड्ड्यात दुसऱ्यानं पाय ठेवायचा. एक उतरला की दुसरा चढते. तोंडाले तोंड नाही, पन रात्रभर भांडन चालू."

"म्हनजे आमच्यावानीच की," आतून माझी बायको म्हणाली.

ती आत सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत बसली होती. मास्तराने खर्रा थुंकला आणि दाराकडे असं पाहिलं, की जणू पस्तीस वर्षं शाळेत शिकवून आज पहिली हुशार पोरगी भेटली.

खरं म्हणजे तिला त्याने आधीच निवडलेलं होतं. आम्ही खोली पाहायला गेलो तेव्हाची गोष्ट. दुसरे घरमालक विचारतात, घरात माणसं किती, दारू पितोस का. हा आमच्याकडे पाहून म्हणाला, "चेंडू कोनत्या हातानं फेकता?" मला वाटलं, दुसरीकडे खोली पाहावी. पण बायको म्हणाली, "मी तं सारंच डाव्या हातानं करते जी."

तिचा डावा हात म्हणजे आमच्या घरातलं जुनं दुखणं. माझ्या आईने त्या हातावर पळी मारली होती. लग्नाच्या पंगतीत तिने डाव्या हाताने वरण वाढलं म्हणून माझ्या मामाने ताट सरकवलं होतं. बिड्यांची पानं कापायची कैची उजव्या हाताची असते. ती डाव्या हातात धरून धरून तिच्या अंगठ्याला घट्टा पडला होता. आणि हा माणूस उठून उभा राहिला.

"लेफ्टी! अरे, सोना है सोना! डाव्या हाताचा पिचर मिळत नाही बाई दुनियेत! खोली तुमची."

भाडं नंतर ठरलं. दोन-तीन महिन्यांनी त्याने गोंदियाच्या एका लोहाराकडून उलट्या धारेची कैची बनवून आणली आणि सुपात टाकली. लोहाराला समजावता समजावता त्याचं डोकं पिकवलं असणार. बायकोने पान कापून पाहिलं. मग दुसरं कापलं. मग तिने शेजारच्या बायकांना बोलावून कापून दाखवलं. मी लग्नात तिला चांदीच्या पायपट्ट्या केल्या होत्या. त्या कोणाला बोलावून दाखवल्याचं मला आठवत नाही.

एरवी माणूस म्हणून मास्तराकडे काही नव्हतं. पिचर रोज टाकत नाही. एक दिवस टाकला की चार दिवस हाताला आराम, पाचव्या दिवशी पुन्हा पाळी. हा नियम मास्तराने अमेरिकेतून आणून स्वतःला लावून घेतला होता. छप्पर गळून राहिलं आहे, म्हटलं, तर, "आज माझा दिवस नाही." मोटर बंद आहे, म्हटलं, तर, "परवा माझी पाळी आहे." परवा गेलो तर म्हणायचा, "मधात पाऊस आला, पाळी एक दिवस पुढं गेली." आंघोळीलाही हाच नियम असावा असा मला संशय होता. त्याच्या बाजूला बसलं की संशय उरत नसे.

देवाच्या फोटोशेजारी खिळ्याला त्याचा एक चामड्याचा पंजा टांगलेला होता. चेंडू झेलायचा तो हातमोजा. त्याला तो जवसाचं तेल लावायचा, आत चेंडू ठेवून सुतळीने बांधायचा, म्हणे आकार राहतो. अंगठा उंदराने खाल्ला होता. मास्तरीणबाई कधीच्या वारल्या होत्या. या पंजाचा निम्मा लाड त्यांचा झाला असता तर त्या अजून असत्या, असं मी म्हणत असे.

आणि अंगणाच्या मधोमध तो ढिगारा. मुरमाचा, टोपलं पालथं घातल्यासारखा, वर एक फळी पुरलेली. त्यावर कधी कोणी चेंडू टाकला नाही. त्याला अडखळून न पडता आत आलेला पाहुणा मात्र मला माहीत नाही. माझा व्याही पडला तेव्हा मास्तर म्हणाला, "चढाले शिकावं लागते." पावसानंतर अंगणात सगळीकडे चिखल आणि कोरडी जागा तेवढीच. म्हणून बायको त्यावर पोतं टाकून कोहळ्याच्या वड्या वाळवायची.

"बाई! माउंडावर वड्या?"

"ऊन तिथंच येते जी. तुमचा पिचर आला का सांगा. उचलून घेईन."

आख्ख्या मुर्रीत मास्तराला गप्प करणारं ते एकच माणूस होतं.

चहाची शर्यत कोणी काढली ते मला आठवत नाही. तिनेच काढली असेल. रोज दोन पिचर, म्हणून एक तिचा, एक मास्तराचा. मॅच कोण जिंकलं याच्याशी यांना घेणं नाही. ज्याचा पिचर आधी थकला आणि ढिगाऱ्यावरून उतरवला गेला, तो हारला. हारलेल्यानं चहा करायचा. मास्तर जिंकला की आपला रिकामा स्टीलचा गिलास घेऊन आमच्या दाराच्या कडीवर आपटायचा. ठण, ठण. तो हारला की चहा आणून द्यायचा, आणि तो चहा असा असायचा की त्यापेक्षा हारलेलं बरं. धुतल्या तांदळाचं पाणी गरम करावं आणि त्याला चहाची गोष्ट सांगावी, तसा.

बायकोला खेळ कळत होता अशातला भाग नाही. मास्तर वेग सांगायचा, वळण सांगायचा, गेल्या महिन्यात कोणी काय केलं ते सांगायचा. ती फोनमध्ये डोकावून म्हणायची, "हा बारका माझा. याले घरी कोनी जेवाले देत नाही वाटते." बारका नऊपैकी दुसऱ्याच इनिंगमध्ये उतरायचा. म्हणून सकाळी सकाळी आमच्या दारावर ठण, ठण. मी अंथरुणातून ओरडायचो, "एक दिवस तरी जाड्या माणूस निवड वो!"

एक मात्र तिचा कायमचा होता. डाव्या हाताचा, पिकल्या दाढीचा, निळ्या टोपीवाला. पहिल्यांदा दिसला तेव्हा ती म्हणाली, "अजी, पाहा ना! माझ्या हाताचा आहे!" त्या दिवसापासून तो बुढा तिचा. पाचव्या दिवशी त्याची पाळी असायची, त्या दिवशी ती सूप घेऊन ओट्यावर बसायची आणि मला चुलीवरचं दूध पाहायला लावायची. बुढा कधी जिंकायचा, बहुतेक हारायचा. उतरताना तो टोपी काढून डोकं खाजवायचा. "पाहा, याले काही वाटत नाही," ती म्हणायची. "मानूस असं पाहिजे."

हे ती मला म्हणायची. मी हारलो की ताट आपटत असे.

गेल्या वर्षी धान लोंबीवर आले तेव्हा तिचं पोट दुखायला लागलं. आधी ओवा झाला, मग गावच्या डॉक्टरची गोळी झाली, मग गोंदियाचा मोठा दवाखाना. तिथे डॉक्टरने मला आणि नागपूरहून आलेल्या माझ्या पोराला, बाबूला, बाजूला नेऊन सांगितलं. दुखणं फार पुढे गेलं होतं. काही करण्यासारखं नव्हतं. बाबू म्हणाला, "आईले सांगाचं नाही. ती खचून जाईल." मी मान हलवली. शिकलेला पोरगा, त्याला जास्त कळत असेल.

त्यानंतर आमच्या घराण्यात इतके नट आहेत हे मला कळलं. सून येऊन म्हणाली, "आई, तुमचा रंग कसा खुलला आहे!" व्याही म्हणाला, "हवाबदल आहे, दिवाळीले पुरनपोळ्या खायला येतो." नागऱ्याच्या महादेवाचा अंगारा आला. मी स्वतः, ज्याने आयुष्यात तिच्या भाजीला बरं म्हटलं नाही, मी म्हणालो, "आठ दिवसात घरी चालशील." ती आमच्याकडे पाहायची आणि भिंतीकडे तोंड करायची. आम्ही म्हणायचो, झोप लागली. बरं आहे.

एकटा मास्तर आला आणि नाटकात भाग घेतला नाही. स्टुलावर बसून म्हणाला, "बाई, बुढ्यानं सांगून टाकलं. हे वर्ष शेवटचं. घरी जाते."

ती वळली. कितीतरी दिवसांनी पूर्ण वळली.

"शेवटची पाळी कवा आहे जी त्याची?"

मास्तराने बोटांवर हिशोब केला. सीझन संपत आला होता. शेवटची मॅच, दोन्ही टीम बरोबरीत. जो जिंकेल तो पुढे जाणार, हारेल तो घरी. तिकडून तिचा बुढा, इकडून लाल टोपीवाला एक बावीस वर्षांचा पोट्टा, ज्याला सारी अमेरिका डोक्यावर घेऊन नाचून राहिली होती.

"पोट्टा माझा," मास्तर म्हणाला.

"त्यात काय विचारता? तुमी जिंकनाऱ्याच्याच मांग जाता." मग ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "तवर मी घरी येते ना जी? ओट्यावर बसून पाहाची आहे मले."

मी म्हणालो, "येशील ना. काऊन नाही?"

मास्तराने माझ्याकडे पाहिलं. या माणसाला मध्ये न बोलणंही कळत होतं, ही त्याची मला माहीत नसलेली बाजू.

घरी नेणं काही झालं नाही. वरून अमेरिकेत पाऊस आला आणि मॅच एक दिवस पुढे गेली. मास्तराचं छप्पर गळतं तेव्हा पाळी पुढे जाते, ते मी समजू शकत होतो. पण तो एक दिवस तिने कसा काढला ते मी जवळून पाहिलं. सलाईन चालू, ओठ सुकलेले, आणि येणाऱ्या प्रत्येक नर्सला विचारायची, "तिकडं पानी थांबलं का वो?" नर्सला वाटायचं, बाई बरळून राहिली आहे.

मॅचच्या पहाटे तिला इंजेक्शनने झोप लागलेली होती. मास्तराने मॅच घरी ओट्यावर एकट्याने पाहिली. उजाडल्यावर मी दवाखान्याच्या फाटकापाशी त्याची वाट पाहत उभा होतो. तो ऑटोतून उतरला. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. त्याच्या सदऱ्याच्या खिशाकडे पाहिलं. खिशातून स्टीलचा गिलास वर आला होता.

"हारला?" मी म्हणालो.

"तिसऱ्या इनिंगमधी उतरला. धुतला त्याले. सहा रन."

"मास्तर, तिले सांगा का तो जिंकला."

"कायले?"

"कायले म्हनजे? मानूस मरून राहिलं आहे!"

"म्हनून खोटा स्कोर सांगू?"

"तुमच्या स्कोरले आग लागो! एक दिवस खोटं बोलले तं जीभ झडते का तुमची? आमी सारे बोलून राहिलो ना!"

"तेच तं," तो म्हणाला. "तुमी सारे बोलून राहिले. मी एकटाच उरलो."

मी फाटकासमोरच्या टपरीवर गेलो, चहा घेतला, परत येऊन त्याच्या खिशातून गिलास ओढला आणि त्यात चहा ओतला. "हे घ्या. भरलेला गिलास घेऊन आत जा. बोलू नका काही. ती समजून जाईल का तुमी हारले. खोटं बोलल्याचं पाप मले लागू द्या."

मास्तराने गिलासाकडे पाहिलं. मग तिथेच उभ्या उभ्या, फुंकर मारत, शेवटच्या घोटापर्यंत चहा पिऊन टाकला. फुकटचा होता, सोडतो कसा! सदऱ्याच्या टोकाने गिलास पुसला, खिशात घातला आणि आत गेला. त्याच्या मागे मी शिव्या देत.

ती जागी होती. बाबू चहा प्यायला खाली गेला होता. मास्तर स्टुलावर बसला, खिशातून रिकामा गिलास काढला आणि तिच्या उशापाशी ठेवला. ठण.

तिने गिलासात पाहिलं. आणि हसली. इतकी हसली की बाजूच्या खोलीतली बाई दारात येऊन पाहून गेली. हसता हसता पोट धरलं आणि तरी हसतच राहिली.

"कवा उतरवला?"

"तिसऱ्यात."

"लय मारलं?"

"लय. तिसऱ्याच बॉलावर बाहेर टाकला एकानं."

मग मास्तर सांगू लागला. हळूहळू, जसा शाळेत कधी सांगत नसेल तसा. टीमचा मोठा साहेब ढिगाऱ्यापर्यंत चालत गेला. अशा वेळी पिचरने चेंडू फेकायचा नसतो, साहेबाच्या हातात द्यायचा असतो. बुढ्याने चेंडू एकदा फिरवून पाहिला आणि दिला. तो चालायला लागला तेव्हा सारं मैदान उभं राहिलं. दुसऱ्या टीमचे लोकही. तो पोट्टा पायरीवर उभा राहून टाळ्या वाजवून राहिला होता.

"रडला काय जी?"

"नाही. टोपी काढून डोकं खाजवलं. मंग बाकड्यावर बसून दाने खाल्ले."

"असं पाहिजे," ती म्हणाली.

मग तिने तो डावा हात, सुई टोचलेला, खाटेच्या कडेवर ठेवला.

"मास्तर, तुमी खोटं बोलत नाही. मंग सांगा, मी घरी येईन का, का इथूनच?"

मी मास्तराच्या पाठीमागे उभा होतो. मी मान हलवत होतो, नाही, नाही, आणि त्याला दिसत नव्हतं. पण त्याने मागे न पाहताच माझ्याकडे अंगठा केला.

"ते मले नाही माहीत. डॉक्टर मले नाही भेटला. ते याले माहीत आहे. याले विचारा."

आणि उठला. गिलास खिशात घातला आणि गेला. जाताना दार लावून गेला. आमच्या घरी तीन वर्षांत त्याने कधी दार लावलं नव्हतं.

आता उरलो आम्ही दोघं. चाळीस वर्षांत आम्ही समोरासमोर असे किती वेळा बसलो असू? ती सूप घेऊन चुलीकडे तोंड करून, मी दाराकडे. मी स्टुलावर बसलो. ते अजून गरम होतं.

"बोला ना," ती म्हणाली. "मास्तराले नाही भेत, मले काऊन भेता?"

मी सांगितलं. जेवढं डॉक्टरने सांगितलं तेवढं. एकही शब्द चांगला नव्हता.

तिने ऐकलं. "मले माहीतच होतं जी," ती म्हणाली. "तुमी माझ्या भाजीले बरं म्हटलं, तवाच समजलं."

मग ती बोलायला लागली. इतक्या दिवसांत आम्ही कोणी तिला बोलूच दिलं नव्हतं. पायपट्ट्या नातीला. लुगडी पेटीत आहेत ती वाटून टाका, घरात ठेवून वास लावू नका. कैची सुनेला देऊ नका, सून उजव्या हाताची आहे, अंगठा कापून घेईल. आणि इथे मरायचं नाही, घरी न्या. बाबू वर आला तेव्हा ती त्याला म्हणाली, "आता रंग खुलला म्हनू नको बापू, गाडी बोलाव."

घरी आणलं. ऑटो फाटकात आली तर मास्तर फावडं घेऊन अंगणात. त्याचा दिवस होता की नव्हता, मी विचारलं नाही. ढिगारा त्याने अर्धा उतरवला होता, खाट सरळ ओट्यापर्यंत जावी म्हणून. ऑटोतून खाटेवर घेतल्या घेतल्या ती ओरडली, तिच्यात जेवढा आवाज होता तेवढ्याने, "कायले मोडला जी? वड्या कुठं वाळवू?"

ओट्यावर तिची खाट टाकली. पहाटे मास्तर फोन लावायचा, पुढच्या मॅच चालू होत्या. पोट्टा अजून खेळून राहिला होता. ती डोळे मिटूनच विचारायची, "आज कोन विरुद्ध कोन?" मास्तर सांगायचा. ती बारक्याला निवडायची. एका पहाटे तिने विचारलं नाही. मास्तराने फोन बंद केला आणि विटेसकट आत नेला.

जायच्या आदल्या दिवशी ती मला म्हणाली होती, "मास्तराचा एक चहा राहिला माझ्याकडं. बुढ्याचा."

तेरवी झाली. माणसं आली, जेवली, गेली. बाबू म्हणाला, नागपूरला चला. मी म्हणालो, पाहू. धानाची कापणी सुरू झाली, अमेरिकेतला सीझनही संपला. तरी एका पहाटे मला जाग आली तर ओट्यावर मास्तर उकिडवा. समोर वीट. विटेला फोन टेकवलेला नाही. नुसती वीट, आणि बाजूला रिकामा गिलास. आपटला नव्हता.

मी आत गेलो. चुलीजवळ तिने डबे कसे लावले होते ते मला आजवर माहीत नव्हतं. चहाच्या डब्यात हळद निघाली, मग साखरेच्या डब्यात चहा सापडला. पाणी जास्त झालं. दूध उतू गेलं, उरलं तेवढं घातलं. गिलास भरून बाहेर आणला आणि त्याच्यासमोर ठेवला.

मास्तराने हात लावला नाही.

"हारलेल्यानं चहा करायचा असते," तो म्हणाला. "आधी उतरला तो हारला. बाई आधी उतरली. चहा तिच्याकडं बाकी आहे. तू काऊन केला?"

"ती उतरली आधी, खरं आहे," मी म्हणालो. "पन हारलो तं मीच ना जी."

पस्तीस वर्षांच्या मास्तरकीत आणि साऱ्या अमेरिकेत मिळून मास्तराकडे याला नियम नव्हता. त्याने गिलास उचलला. एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, पण ठेवला नाही.

"साखर नाही यात."

"नाही सापडली."

"सापडते. मास्तरीण गेली तवा मले वर्ष लागलं होतं." त्याने आणखी एक घोट घेतला. "आता मार्चपर्यंत खेळ नाही."

"मंग तोवर काय करायचं जी?"

"चहा कर रोज. हात बसते."

फुकटचा चहा मिळवायची अक्कल त्याच्याकडे पहिल्यापासून होती. तो रायपूरला जाईपर्यंत मी रोज केला.